गरुडाच्या घरट्याची डागडुजी

अमेरिकेच्या राजमुद्रेवर 1782 सालापासून एक गरुड विराजमान झालेला आहे. एका पंजात ऑलिव्हची फांदी, दुसऱ्यात तेरा बाण, पंख पसरलेले आणि मान ताठ, असे त्याचे रूप नाण्यांवरून आणि टपाल तिकिटांवरून जगाला परिचित झाले. परंतु मुद्रेवरचा गरुड आणि रानातला गरुड यांत मोठे अंतर आहे. मुद्रेवरचा गरुड राज्य करतो, रानातला गरुड संसार करतो. वर्षाचे कित्येक महिने काटक्या वाहणे, त्या रचणे, वाऱ्यापावसाने विस्कटलेले घर पुन्हा सावरणे, हाच त्याचा मुख्य उद्योग असतो. त्याची खरी ओळख करून घ्यायची तर विणीच्या हंगामापूर्वी चाललेली ही तयारी पाहावी.

या पक्ष्याला इंग्रजीत ‘बॉल्ड ईगल’ म्हणतात. या नावाचा शब्दशः अर्थ घेऊन कोणी त्याला ‘टकला गरुड’ म्हटले, तर त्याच्यावर अन्यायच होईल. पांढरा ठिपका किंवा पांढरे तोंड असलेला, असा त्या जुन्या शब्दाचा अर्थ होता. डोक्यावर भरपूर पिसे, तीही शुभ्र. शेपटीही तशीच शुभ्र. मधला देह गडद तपकिरी आणि चोच पिवळीधमक. हा रुबाब मात्र जन्मतः मिळत नाही. पहिली चार-पाच वर्षे पक्षी मळकट तपकिरी असतो आणि डोके पूर्ण पांढरे झाले म्हणजे तो वयात आला असे समजावे. पसरलेल्या पंखांचा विस्तार सहा ते साडेसात फूट भरतो. मादी नरापेक्षा आकाराने आणि वजनाने मोठी असते. एवढ्या भारदस्त पक्ष्याचा आवाज मात्र अगदी बारीक आणि चिरका! तो प्रथम ऐकणाऱ्याची हटकून निराशा होते.

दक्षिण कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनो नावाचे पर्वत आहेत. त्यांच्या कुशीत समुद्रसपाटीपासून सुमारे पावणेसात हजार फुटांवर ‘बिग बेअर’ हे सरोवर आहे. सरोवराकाठच्या रानात एका जेफ्री पाइन वृक्षावर, जमिनीपासून सुमारे 145 फुटांवर, एका गरुडदांपत्याचे घरटे आहे. तेथील एका निसर्गप्रेमी संस्थेने 2015 साली या घरट्याजवळ कॅमेरा बसवला आणि पुढे त्यातली दृश्ये घरबसल्या पाहण्याची सोय जगभरच्या लोकांना झाली. मादीचे नाव ‘जॅकी’ आणि नराचे ‘शॅडो’. 2018 सालापासून ही जोडी एकत्र आहे.

उन्हाळा सरतो, पिल्ले असतील तर ती उडून गेलेली असतात आणि घरटे ओस पडते. शरद ऋतूत हवेत गारवा आला की हे दांपत्य घरट्याकडे पुन्हा फिरकू लागते. आरंभी ही भेट केवळ पाहणीची वाटते. दोघे काठावर बसतात, इकडेतिकडे पाहतात, एखादी काटकी चोचीने ओढून पाहतात आणि निघून जातात. मग भेटींची संख्या वाढते आणि प्रत्येक भेटीत काहीतरी सामान येऊ लागते. वैशाख-ज्येष्ठात, मृगाच्या आधी, कोकणातला शेतकरी घर शाकारतो, सडलेला पेंढा काढतो, नवा घालतो, वासे तपासतो. तसाच हा प्रकार. घर जुनेच, पाया जुनाच, पण येणाऱ्या ऋतूला तोंड द्यायचे तर दरवर्षी त्याची डागडुजी झालीच पाहिजे, हे दोघांनाही ठाऊक असावे असे त्यांच्या वागण्यावरून वाटते.

सामान आणण्याची रीत मोठी पाहण्यासारखी असते. जमिनीवर पडलेली काटकी तर ते उचलतातच. परंतु अनेकदा उडता उडता वाळलेल्या झाडाची फांदी पंजांनी पकडतात आणि देहाच्या वेगाने ती कडकन मोडून घेतात. कधी ती फांदी पक्ष्याच्या स्वतःच्या लांबीहूनही मोठी असते. अशी फांदी घेऊन घरट्यावर उतरणे हे कसबाचे काम आहे. ती आडव्या डाळ्यांत अडकते, तोल जातो आणि क्वचित् हातची निसटून खालीही पडते. शॅडो अशा मोठमोठ्या फांद्या आणण्यात उत्साही आहे. त्याने ती मोठ्या कष्टाने एका बाजूला लावावी आणि जॅकीने लगेच उचलून दुसऱ्या बाजूला न्यावी. त्याने पुन्हा ओढावी, तिने पुन्हा ढकलावी. दोघांच्या चोचीत फांदीचे एकेक टोक आणि दोघेही हटून बसलेले, हे दृश्य प्रेक्षकांच्या चांगलेच परिचयाचे झाले आहे. घर सजवताना नवराबायकोचे एकमत होणे किती कठीण असते, हे पाहून कोणाही संसारी माणसाला हसू यावे. बहुधा शेवटी जॅकीचेच चालते!

या कलहाला अर्थ नाही असे मात्र नाही. मोठ्या फांद्या घरट्याच्या कडेने रचल्या जातात. त्यांचा कठडा बनतो. पुढे चालता येऊ लागलेले पिल्लू खाली पडू नये म्हणून त्याचा उपयोग होतो. आतल्या बाजूला बारीक काटक्या येतात. अगदी मध्यभागी वाळलेले गवत, सालीचा भुगा, शेवाळ, जे काही मऊ मिळेल ते अंथरून एक उथळ खळगा तयार केला जातो. मादी त्यात बसते, छाती दाबून गोल फिरते आणि खळग्याला आपल्या देहाचा आकार देते. अंडे येण्याचे दिवस जवळ आले की या मऊ अंथरुणाचे प्रमाण वाढते.

याच काळात जोडीदारांची परस्परांशी जवळीकही वाढते. दोघे शेजारी शेजारी बसतात, एकत्र उडतात. काही गरुडजोड्या आकाशात उंच जाऊन एकमेकांचे पंजे घट्ट धरतात आणि चक्राकार गरगरत जमिनीच्या दिशेने कोसळतात. जमीन जवळ आली की पंजे सोडून पुन्हा वर झेपावतात. गरुडाची जोडी साधारणतः जन्मभर टिकते आणि जोडीदार गेल्यास उरलेला पक्षी दुसरा जोडीदार स्वीकारतो. घरट्याचेही तसेच. एकदा निवडलेले स्थान सहसा सोडले जात नाही आणि दरवर्षीच्या भरतीमुळे घरटे वाढत जाते.

ते किती वाढावे? ओहायो राज्यात ईरी सरोवराच्या काठी व्हर्मिलियन गावाजवळ असे एक प्रचंड घरटे होते. क्लीव्हलंड येथील जीवशास्त्राचे प्राध्यापक फ्रान्सिस हेरिक यांनी उंच मनोरे उभारून गरुडांच्या घरट्यांचे निरीक्षण केले. व्हर्मिलियनचे ते घरटे तीस वर्षांहून अधिक काळ वापरात होते. त्याची उंची 12 फूट, रुंदी साडेआठ फूट आणि वजन अंदाजे दोन टन होते. अखेर 1925 साली वादळात तो वृक्ष घरट्यासह कोसळला. फ्लॉरिडात सेंट पीटर्सबर्गजवळच्या दुसऱ्या एका घरट्याची खोली तर 20 फूट भरली. पक्ष्याने बांधलेल्या घरट्यांत त्याची गणना सर्वांत मोठ्या घरट्यांत होते. एकेका काटकीने उभी राहिलेली ही वास्तू शेवटी आपल्या भारानेच वृक्षाला जड होते. आणि वृक्ष पडला तर जोडपे जवळच दुसरा वृक्ष शोधून पहिल्या काटकीपासून पुन्हा आरंभ करते.

एवढा सगळा खटाटोप कशासाठी? एक, दोन किंवा क्वचित् तीन पांढऱ्या अंड्यांसाठी. नर आणि मादी आळीपाळीने सुमारे 35 दिवस ती उबवतात. घरट्यात अंडी असताना चालण्याची गरुडाची तऱ्हा पाहावी. ज्या नख्यांनी तो पाण्यातला मासा उचलतो, त्या आत वळवून तो पंजाची मूठ करतो आणि मुठीवर जपून पावले टाकीत अंड्यांपाशी येतो. मग हळूच देह खाली आणतो, डावीउजवीकडे किंचित् हलतो आणि पोटावरची उघडी, उबदार कातडी अंड्यांना टेकेल असा बसतो. चार-पाच किलो वजनाच्या त्या देहाचा भार त्या अंड्यांच्या कवचाने सोसायचा असतो. सगळ्या तयारीचे यश शेवटी त्या पातळ कवचावर अवलंबून असते.

आणि एके काळी हे कवचच दगा देऊ लागले.

ती हकिगत एका निवृत्त बँक-व्यवस्थापकाच्या नावाशी जोडलेली आहे. चार्ल्स ब्रोली हे कॅनडातील विनिपेगचे गृहस्थ. निवृत्त झाल्यावर ते हिवाळ्यात फ्लॉरिडाला जाऊ लागले. पक्ष्यांच्या पायात खुणेची कडी घातली तर त्यांच्या प्रवासाचा मागोवा घेता येतो. ते काम 1939 साली, वयाच्या साठीच्या सुमारास, त्यांनी हौसेने पत्करले. दोरांच्या शिड्या लावून ते उंच झाडांवर चढत आणि पिल्लांच्या पायात कडी घालून उतरत. पहिल्या दहा वर्षांत त्यांनी सुमारे एक हजार पिल्लांच्या पायात अशी कडी घातली. फ्लॉरिडात जन्मलेले तरुण गरुड उत्तरेला पार कॅनडापर्यंत जातात, ही गोष्ट त्यातूनच उजेडात आली.

1947 सालापासून मात्र ब्रोलींना काहीतरी बिनसल्याचे जाणवू लागले. घरटी होती, त्यांची डागडुजीही झालेली असे. पण पिल्ले दिसेनात. कोठे अंडी फुटलेली, कोठे मुळी घातलेलीच नाहीत. 1952 ते 1957 या काळात सुमारे 80 टक्के घरट्यांत पिल्लू वाढले नाही. 1958 साली तर शंभराहून अधिक मैलांचा किनारा पालथा घातल्यावर त्यांना कडे घालण्यासाठी एकच पिल्लू मिळाले. ‘डीडीटी’ या कीटकनाशकामुळे हे होत असावे, असा निष्कर्ष त्यांनी बोलून दाखवला. पुढच्याच वर्षी ते वारले. रेचेल कार्सन यांनी 1962 सालच्या आपल्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या ग्रंथात ब्रोलींच्या नोंदींना मानाचे स्थान दिले.

या घटनेतला विरोध ध्यानात घेण्यासारखा आहे. गरुडाला मारणे किंवा त्याची अंडी पळवणे हा गुन्हा ठरवणारा कायदा अमेरिकेने 1940 साली केला होता. त्यापूर्वी मासे आणि कोकरे पळवणारा चोर म्हणून त्याच्यावर बेसुमार बंदुका चालल्या. अलास्कात तर 1917 पासून मारलेल्या गरुडामागे सरकारी बक्षीस मिळे आणि त्यापायी तेथे लाखाहून अधिक गरुड मारले गेले. कायद्याने बंदूक आवरली. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर डासांवर आणि पिकांवरच्या किडींवर डीडीटीची फवारणी सर्रास सुरू झाली, तेव्हा त्याच कायद्याला शत्रू दिसेनासा झाला. गरुडाला कोणी मारीत नव्हते. तो फक्त मासे खात होता.

डीडीटी पाण्यात सहज विरघळत नाही, चरबीत मात्र साठून राहते. पावसाबरोबर ते ओढ्यानाल्यांत आले. पाण्यातल्या सूक्ष्म जीवांत त्याचा अंश शिरला. असे असंख्य जीव लहान माशाने खाल्ले, असे अनेक लहान मासे मोठ्या माशाने खाल्ले, आणि असे मोठे मासे गरुडाने वर्षानुवर्षे खाल्ले. प्रत्येक पायरीवर विषाचे प्रमाण वाढत गेले. पक्ष्याच्या देहात डीडीटीचे रूपांतर होऊन जो पदार्थ तयार होतो, तो कवच बनवणाऱ्या ग्रंथीत चुन्याचा पुरवठा रोखतो. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ डेरेक रॅटक्लिफ यांनी 1967 साली संग्रहालयांतील जुनी अंडी आणि नवी अंडी यांची तुलना केली. बहिरी ससाण्यासारख्या शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे डीडीटीच्या काळापासून पातळ झाल्याचे त्यांनी दाखवले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतही हिकी आणि अँडरसन यांना तेच आढळले. मुठीवर चालत येणारी, जपून बसणारी आई आता आपल्याच भाराने आपले अंडे फोडीत होती. तिच्या दक्षतेत उणीव नव्हती आणि घरट्यातही दोष नव्हता. काटक्यांची डागडुजी गरुडाला करता येते, कवचाची करता येत नाही.

1963 सालच्या गणनेत अलास्का आणि हवाई वगळून उरलेल्या अमेरिकेत गरुडांच्या केवळ 417 ज्ञात जोड्या वीण करीत होत्या. राजमुद्रेवरचा पक्षी राजमुद्रेवरच उरण्याची वेळ आली होती. 1972 साली अमेरिकेत डीडीटीच्या जवळजवळ सर्व वापरावर बंदी आली आणि 1973 साली संकटग्रस्त जीवजातींच्या संरक्षणाचा कायदा झाला. परंतु बंदीचा हुकूम निघाला म्हणून पाणी एका दिवसात शुद्ध होत नाही. जेथे गरुड उरलेच नव्हते, तेथे इतर प्रदेशांतून पिल्ले आणून वाढवावी लागली. उंच मचाणावर कृत्रिम घरटे करायचे, माणूस दिसणार नाही अशा रीतीने पिल्लांना मासे द्यायचे आणि पंखांत बळ आले की पिंजरा उघडायचा. न्यूयॉर्क राज्याने हे काम 1976 साली आरंभले.

त्यातल्याच एका पिल्लाची कथा सांगण्याजोगी आहे. 1977 साली मिनेसोटातून ते न्यूयॉर्कमध्ये आणले गेले आणि पायात कडे घालून मोकळे सोडले गेले. 1981 साली त्या नराने हेमलॉक सरोवराकाठच्या जुन्या घरट्याचा ताबा घेतला आणि पुढे कित्येक वर्षे तेथे पिल्ले वाढवली. 2015 साली त्या राज्यात रस्त्यावर मोटारीच्या धडकेने मेलेला एक गरुड सापडला. पायातल्या कड्यावरचा क्रमांक वाचला तेव्हा कळले की हा तोच! त्याचे वय 38 वर्षे भरले होते. रानातल्या गरुडाचे एवढे आयुष्य त्यापूर्वी नोंदले गेले नव्हते.

2007 साली हा गरुड संकटग्रस्तांच्या यादीतून वगळण्यात आला. पुढे 2021 साली जाहीर झालेल्या सरकारी अंदाजानुसार अलास्का आणि हवाई सोडून अमेरिकेत वीण करणाऱ्या जोड्या 71 हजारांवर आणि एकूण पक्षी तीन लाखांवर गेले होते. मौज अशी की, सव्वादोन शतकांहून अधिक काळ मुद्रेवर मिरवणाऱ्या या पक्ष्याला ‘राष्ट्रीय पक्षी’ हा दर्जा कायद्याने मिळाला तो 2024 च्या डिसेंबरात!

भारतीयांना ही कथा परकी वाटू नये. कोकणच्या किनाऱ्यावर उंच झाडांवर घरटे करणारा पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड हा या गरुडाचाच भाऊबंद असून तोही त्याच घरट्याची वर्षानुवर्षे डागडुजी करतो. विषाच्या बाबतीत मात्र आपला अनुभव गिधाडांचा आहे. 1990 नंतर भारतातली गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. गुरांना वेदनाशामक म्हणून दिलेले डायक्लोफेनॅक हे औषध मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे 2004 साली सिद्ध झाले आणि 2006 साली गुरांसाठी त्याचा वापर भारतात बंद करण्यात आला. तेथे डासांसाठी फवारलेले औषध गरुडाच्या अंड्यापर्यंत पोचले. येथे गुराच्या दुखण्यावरचे औषध गिधाडाच्या मुळावर आले. दोन्ही ठिकाणी कोणाचा हेतू वाईट नव्हता. आणि दोन्ही ठिकाणी दोष उमगला, तो पक्ष्यांची शिरगणती नेमाने करणारी माणसे होती म्हणून.

बिग बेअरच्या जोडीकडे पुन्हा वळावे. तिलाही अपयश चुकलेले नाही. 2022 साली तिचे एक पिल्लू उडून गेले. 2023 सालची अंडी फुकट गेली. 2024 साली तीन अंडी आली. हिमवादळात जॅकी दोन दिवसांहून अधिक काळ अंगावर बर्फ झेलीत जागची न हलता बसून राहिली. तरी एकही अंडे फुटून पिल्लू बाहेर आले नाही. महिनोन्‌महिने पाहणाऱ्यांचे डोळे पाणावले. पण शरद ऋतू आला तेव्हा शॅडो पुन्हा फांदी घेऊन घरट्यावर उतरला आणि जॅकीने ती पुन्हा दुसऱ्या बाजूला नेली! 2025 च्या जानेवारीत तीन अंडी आली. मार्चमध्ये तिन्हींतून पिल्ले निघाली. एक पिल्लू वादळात दगावले, उरलेली दोन जूनमध्ये आपल्या पंखांनी उडाली.

थंडी, वादळ, अंड्यांवर टपलेले कावळे ही संकटे गरुडाच्या वंशाला नवी नाहीत. त्यांचे उत्तर त्याच्यापाशी आहे आणि ते म्हणजे पुढच्या हंगामाची डागडुजी. एक वर्ष बुडाले तर दुसरे हाती लागते. परंतु ज्या पाण्यातला मासा तो खातो, त्या पाण्यात विष असेल, तर शंभर हंगामांच्या काटक्याही उपयोगी पडत नाहीत. घरटे सावरणे हे गरुडाचे काम आहे आणि ते तो न चुकता करतो. पाणी निर्मळ राखणे हे माणसाचे काम आहे. त्याने ते टाळले तेव्हा जोड्या 417 वर आल्या; केले तेव्हा 71 हजारांवर गेल्या.